वहिनींची मान

वहिनींना सीटवर बसवायचं म्हणजे अख्खी सकाळ जायची. आदल्या दिवशीच त्यांना सारख्या तापमानाच्या खोलीत निजवून ठेवावं लागे, कारण रबराच्या बरगड्या थंडीत ताठ होतात आणि उकाड्यात सैल पडतात. मग एकेक सांधा आवळायचा, तोही बेतानं. हात आडवा धरला तर त्यानं स्वतःचं वजन जेमतेम पेलावं, आणि बोटानं टिचकी मारली की खाली यावं. शेवटी रंग. कपाळाला पिवळा, हनुवटीला लाल, गुडघ्यांना निळा. धडक बसली की शरीराचा कुठला भाग कुठे आपटला ते नंतर रंगाच्या डागावरून कळतं.

वहिनी म्हणजे चाचणीचा पुतळा. शहराबाहेर वाहनांची चाचणीशाळा होती, तिथल्या लांबलचक शेडमध्ये एक रूळ होता आणि रुळावर घसरगाडी. ज्या वाहनाची चाचणी असेल त्याची सीट, स्टिअरिंग, पट्टा आणि पट्ट्याचा खांब त्या घसरगाडीवर जसंच्या तसं बसवायचं, पुतळा त्यात ठेवायचा, हिसका द्यायचा, आणि रस्त्यावर खऱ्या माणसाचं काय झालं असतं ते पुतळ्याच्या आत बसवलेल्या मापकांकडून समजून घ्यायचं. हे समजून घेण्याचं काम थोरलीचं. घरात दोघी बहिणी, त्यांतली ती थोरली. शेडमध्ये तिला सगळे बाई म्हणत.

पूर्वी शेडमध्ये पैलवान नावाचा एकच पुतळा होता. तो उंचीनं, वजनानं, खांद्यांनी पुरुषाच्या मापाचा. बाजारात येणारी प्रत्येक गाडी आधी त्याच्या अंगाला लावून बघितली जाई. बायकाही गाड्या चालवतात, त्यांचं माप वेगळं असतं, मान वेगळी असते, हे थोरली वर्षानुवर्षं वरच्यांच्या कानावर घालत होती. आधीच्या सरकारनं अखेर नियम केला की सरकारी सेवेतल्या प्रत्येक गाडीची दोन्ही शरीरांवर चाचणी व्हावी. मग एक लाकडी खोकं आलं. शेडमधल्या मिस्त्रींनी खिळे उपटले, वरचं प्लॅस्टिक बाजूला सारलं, आत हात पोटावर ठेवून निजलेल्या त्या टकल्या, लहानखुऱ्या पुतळ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "या वहिनी. प्रवासात त्रास नाही ना झाला?"

तेव्हापासून वहिनी. दोन धडकांच्या मध्ये वहिनींना विश्रांती द्यावी लागते, बरगड्या पूर्ववत व्हायला, हे कळल्यावर मिस्त्री म्हणाले होते, "आमच्या घरी सांगू नका हं बाई. आमच्या हिलाही इथे नोकरी हवीशी वाटेल."

आणि मग ती रुग्णवाहिका आली. छोटी, पांढरी, अरुंद गल्लीत शिरेल अशी. सरकार सगळ्या प्रसूतिगृहांसाठी ती घेणार होतं. पैलवान तिच्यातून सहीसलामत बाहेर आला. वहिनी आल्या नाहीत.

थोरलीचा पहिल्या चाचणीवर कधीच विश्वास नसे, स्वतःच्या तर नाहीच. तिनं सांधे पुन्हा तपासले, मापक बदलले, पट्टा नवा लावला आणि पुन्हा हिसका दिला. पुन्हा तेच. कारणही सरळ होतं. पट्ट्याचा वरचा बोल्ट पैलवानाच्या खांद्यामागे बेतलेला होता. वहिनींचे पाय आखूड, म्हणून त्यांना सीट पुढे ओढावी लागे, आणि मग तो पट्टा खांद्यावरून न जाता गळ्याच्या बाजूवरून जाई. हिसका बसला की धड खाली घसरायचं आणि सगळा भार मान घ्यायची. मानेनं किती घ्यावा याची एक मर्यादा असते. इथे ती पार ओलांडली जात होती.

उपायही सोपा होता. बोल्ट वीतभर खाली घ्यायचा. थोरलीनं गणित करून बघितलं, मान वाचत होती. पण गणित म्हणजे चाचणी नव्हे. मिस्त्रींनी खांबाला खालच्या बाजूनं भोक पाडलं, वहिनींना आतल्या खोलीत निजवलं, आणि दुसऱ्या दिवशी खाली घेतलेल्या पट्ट्यावर चाचणी करायची असं ठरलं.

दुसऱ्या दिवशी परिपत्रक आलं.

सरकार बदलून फार दिवस झाले नव्हते. 'घर आधी' म्हणत ते लोक निवडून आले होते. जो तो त्यांना घरवालेच म्हणे. समानतेच्या नावाखाली मागच्यांनी घरं मोडली, बायकांना बायका राहू दिलं नाही, असं ते प्रत्येक सभेत सांगत, आणि सभांना बायकाही खूप असत. निवडून आल्यावर त्यांनी एकेक करून आधीचे नियम काढायला घेतले. चाचणीशाळेच्या वाट्याला जे आलं ते अगदी छोटं होतं. यापुढे सर्व चाचण्या 'प्रमाण शरीरा'वरच व्हाव्यात.

"प्रमाण शरीर म्हणजे कुठलं?" थोरलीनं चाचणीशाळेच्या साहेबांना विचारलं.

साहेबांनी काचेतून शेडकडे बघितलं. पैलवान भिंतीला टेकून बसला होता. "तुम्हाला माहीत आहे मॅडम. कशाला माझ्या तोंडून वदवून घेता?"

"वहिनींची एकच चाचणी राहिली आहे. पट्टा खाली घेऊन."

"राहिली तर राहिली. त्यांच्यावर ताडपत्री टाका. वरून आलंय, माझ्या हातात काही नाही." साहेब वाईट नव्हते. निवृत्तीला आलेले होते, एवढंच.

मिस्त्रींनी ताडपत्री घातली. घालताना वहिनींचा चेहरा उघडा राहिला, तो त्यांनी पुन्हा नीट झाकला.

* * *

धाकटी रुग्णवाहिका चालवायची. नवऱ्याचं घर सोडून ती आईकडे परत आली तेव्हा तिच्यापाशी एक बॅग आणि गाडी चालवायचा परवाना, एवढंच होतं. बॅगेतले कपडे लवकर विटले. परवान्यानं मात्र तिला पुन्हा माणसांत आणलं. प्रसूतिगृहाच्या डेपोत ती पहिली बाई. सुरुवातीला पुरुष ड्रायव्हर तिच्या गाडीच्या काचेवर बोटानं काहीबाही लिहून ठेवत. मग एकदा पुरात बुडालेल्या पुलाच्या बाजूनं, उलट्या दिशेनं, तिनं एका बाईला वेळेत आणून पोचवलं आणि लिहिणं थांबलं. तिच्यामागून डेपोत आणखी बायका आल्या.

"ताई, नवी गाडी बघितलीस का तू?" जेवताना ती म्हणाली. "काय चकचकीत आहे. आमच्या डब्याचा आवाज असा, की पोटातलं मूल घाबरून स्वतःच बाहेर येतं. पुढच्या महिन्यात आम्हाला मिळणार म्हणतात."

थोरलीनं घास खाली ठेवला आणि सांगितलं. मान, पट्टा, बोल्ट, सगळं. तिला गोष्टी मधूनच सांगता येत नसत. आधी काय बघितलं, मग कितीदा बघितलं, मग का झालं, आणि सगळ्यात शेवटी काय करता येईल. आईचा हात भाजीच्या वाटीत तसाच राहिला.

"म्हणजे पैलवान मजेत आणि मी गेले," धाकटी म्हणाली.

"तू पट्ट्याखाली उशी घेतलीस तरी—"

"उशी घेऊन गाडी चालवू? डेपोतले हसून मरतील, चाचणी न करताच." मग ती गंभीर झाली. "कुणाला सांगितलंस?"

"खरेदीची समिती आहे. जाणकारांचं ऐकून घेतात. मी येऊ का म्हणून विचारलंय, त्यांनी लगेच बोलावलं."

"लगेच?" धाकटीनं पाण्याचा पेला तोंडाशी नेला होता, तो खाली आणला. "आमच्या संघटनेला अजून दारात उभं केलं नाही त्यांनी. ताई, कोर्टात काय चाललंय माहीत आहे ना तुला? बायकांना सरकारी गाड्यांवरून उतरवायचंय त्यांना. कोर्ट म्हणालं, कारण दाखवा. शोभत नाही, हे कारण होत नाही. कारण शोधतायत ते."

"मी कारण द्यायला नाही चालले. मी बोल्ट खाली घ्या म्हणून सांगायला चालले आहे."

"तुझं ऐकतील ते. पण त्यातलं काय ऐकतील, ते बघ."

"मग नको सांगू? गाड्या तर येणारच आहेत. तुम्ही बसणार आहात त्यांत."

धाकटीनं ताट बाजूला सारलं. "सांगितलंस तर नोकरी, नाही सांगितलंस तर मान," ती म्हणाली. "मला विचारू नकोस बाई. मला गाडी चालवायची आहे."

दुसऱ्या दिवशी मिस्त्री थोरलीला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, तुमच्या बहिणीची गाडी आली की रविवारी इकडे आणा. पट्टा मी खाली घेऊन देतो. कुणाला कळायचं नाही."

"आणि बाकीच्या?"

"बाकीच्यांच्या बहिणी इथे नोकरीला नाहीत," मिस्त्री म्हणाले, आणि लगेच मान खाली घालून पान्ह्याला तेल लावत बसले.

थोरलीनं दोन दिवस विचार केला. प्रत्येक वेळी ती त्याच जागी येऊन थांबे. एक बोल्ट. एवढी स्वस्त गोष्ट कोण नाकारेल? माणसं वाईट असू शकतात हे तिला ठाऊक होतं. पण समोर मोजून ठेवलेली गोष्ट बघून माणूस भलतंच म्हणेल, हे तिच्या उभ्या आयुष्यात शेडमध्ये कधी घडलं नव्हतं.

"जा तुम्ही," साहेब म्हणाले. "पण मी पाठवलं असं नाही."

* * *

समितीची खोली मोठी होती. खुर्च्या इतक्या खोल की थोरलीचे पाय जमिनीला टेकेनात. ती कडेवर येऊन बसली. टेबलाच्या पलीकडे सदस्य, मधोमध अध्यक्ष. अध्यक्षांचा आवाज मऊ होता. त्यांनी स्वतः उठून तिच्यासमोर पाण्याचा पेला सरकवला.

"बोला ताई. घाई नाही आपल्याला."

तिनं चित्रफीत लावली. शेडमधला कॅमेरा डोळ्याला न दिसणारं दाखवतो, एका क्षणाचं मिनिट करतो. पडद्यावर वहिनी बसलेल्या. मग सगळं हळूहळू पुढे गेलं. पट्टा गळ्यावर चढला, धड खाली घसरलं, आणि डोकं एका बाजूला, मग मागे, कपाळाचा पिवळा रंग खांबाच्या कडेला पुसत गेलं. एका सदस्यानं चष्मा काढला. घरवाल्यांच्या एक सदस्य बाई होत्या, त्यांनी तोंडावर पदर दाबावा तसा हात दाबून धरला.

"हे बाईचं शरीर आहे ना?" अध्यक्षांनी हळूच विचारलं.

"बाईच्या मापाचा पुतळा आहे."

"आणि हिची मान?"

"अशा धडकेत खऱ्या बाईची मान मोडेल."

"त्याच गाडीत, त्याच जागी पुरुष असेल तर?"

"त्याला फारसं काही होणार नाही."

"तुम्ही एकदाच बघितलं की—"

"पुन्हा पुन्हा बघितलं. दर वेळी हेच."

"म्हणजे शंका नाही."

"याबद्दल नाही," थोरली म्हणाली. आपलं म्हणणं नीट पोचतं आहे असं तिला वाटलं. तिनं पुढचं चित्र लावलं, त्यात बोल्टची जागा होती. "याचं कारण असं, की पट्ट्याचा वरचा बोल्ट जिथे आहे—"

"एक विचारू ताई? तो बोल्ट हलवला तर बाई वाचेल, असं तुम्ही शपथेवर सांगाल?"

तिनं तोंड उघडलं. हो म्हणायला एक शब्द पुरे होता. समोरच्या माणसांपैकी कुणीही तो शब्द डोळ्याची पापणी न लववता म्हटला असता. पण ती चाचणी झालेली नव्हती, आणि न झालेल्या चाचणीबद्दल थोरली आजवर कधी हो म्हणाली नव्हती.

"गणितानं वाचते," ती म्हणाली. "चाचणी राहिली आहे. तुमच्या परिपत्रकामुळे ती करता आली नाही. परवानगी दिलीत तर—"

"म्हणजे खात्री नाही."

"खात्री करायलाच—"

"मान मोडते याची खात्री आहे. वाचेल याची नाही." अध्यक्षांनी दोन्ही तळवे टेबलावर ठेवले. आवाज तसाच मऊ होता. "तुम्ही आमचे डोळे उघडलेत ताई. तांत्रिक भाग लेखी द्या, आमची माणसं बघतील."

सदस्य बाईंचे डोळे खरोखर भरून आले होते. "आपल्या लेकीबाळींना असल्या जागी बसवत होते," त्या म्हणाल्या, "आणि समानतेच्या गप्पा मारत होते."

थोरली पेल्यातलं पाणी प्यायली नाही. बाहेर आल्यावर तिच्या लक्षात आलं, तिला बोलायला दिलेला वेळ अजून बराच शिल्लक होता.

* * *

चित्रफीत त्याच आठवड्यात टीव्हीवर आली. खाली संगीत घातलेलं होतं. वहिनींचं डोकं एका बाजूला, मग मागे, आणि मग पडद्यावर अक्षरं, 'त्यांना हे लपवायचं होतं.' पुढे चौकातल्या फलकांवर वहिनींचा चेहरा लागला, कपाळाला पिवळा डाग, खाली 'घर आधी'. भाजीवाली थोरलीला म्हणाली, "तुम्हीच शोधून काढलं म्हणे. पुण्य लागेल तुम्हाला."

कोर्टाला कारण मिळालं. शरीराची रचना, सिद्ध झालेला धोका, राज्याचं कर्तव्य. प्रसूतिगृहांच्या गाड्यांवरून बायका उतरवल्या गेल्या. मग कुणीतरी विचारलं, बाकीच्या गाड्यांचं काय? बस, टपालाच्या गाड्या, गोदीतल्या क्रेन. त्या सगळ्या वहिनी येण्याआधी घेतलेल्या, त्यांची वहिनींबरोबर कधी चाचणीच झालेली नव्हती. चाचणी नाही म्हणजे सुरक्षित आहे असं म्हणता येत नाही, म्हणजे धोका आहे. आणि चाचणी करायची तर परिपत्रक आडवं येत होतं, प्रमाण शरीर तेवढंच चालेल. थोरली रात्रंदिवस त्या वाक्यांभोवती फिरत राहिली. त्यात कुठेतरी फट असेल असं तिला वाटत होतं. फट नव्हती. बांधणाऱ्यानं काम चोख केलं होतं, आणि पाया तिनं घालून दिला होता.

नव्या गाड्या आल्या. बोल्ट जिथे होता तिथेच होता. पैलवानाला तो बरोबर बसत होता.

धाकटी किल्ली देऊन घरी आली त्या दिवशी तिनं गणवेश धुऊन, इस्त्री करून कपाटात टांगला. आई तिच्या मागे मागे फिरत होती. "जीव तर वाचला ना," आई म्हणाली. "जिवापेक्षा काय मोठं?"

"वाचला," धाकटी म्हणाली. "ठेवू कुठे तेवढं सांग."

थोरली दारात उभी होती. "मी लेखी दिलंय सगळं. बोल्टचं."

"ताई," धाकटी म्हणाली, तिच्याकडे न बघता, "मी तुझ्यावर चिडलेले नाही. चिडायला निदान तू चुकीचं बोललीस असं तरी वाटायला हवं."

एवढं बोलून ती भांडी घासायला गेली. थोरलीला वाटलं, ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

काही दिवसांनी प्रसूतिगृहानं धाकटीला परत बोलावलं, त्याच नव्या गाडीवर, पण मागे. रुग्णाजवळ बसायला बाई लागतेच. चालवणारा नवा पोरगा होता. त्याला डेपोतल्या बायका 'पायलट' म्हणत, कारण गतिरोधक आला की तो गाडी उडवायचा.

"मागच्या बाकाला पट्टा आहे का?" थोरलीनं विचारलं.

"बाक आडवा आहे. पट्टा नाही. बसायचं कुठे, रुग्णाला धरून उभीच असते मी."

आडव्या बाकाची चाचणी कुणी केलेली नव्हती. पैलवानावरसुद्धा नाही.

* * *

चाचणीशाळेला मात्र बरे दिवस आले. वहिनींवर चाचण्या करायला बंदी होती, पण त्यांना दाखवायला नव्हती. जनजागृतीसाठी शाळाशाळांतल्या मुलींना शेडमध्ये आणायचं ठरलं. ताडपत्री निघाली. मुलींना बसायला बाकं आली, मधे जाड काच आली. थोरलीनं वहिनींना बसवायचं, मिस्त्रींनी हिसका द्यायचा, मुलींनी बघायचं. बोल्ट अर्थातच वरचा.

पहिल्या खेपेला एक मुलगी ओकली. दुसऱ्या खेपेच्या आदल्या दिवशी थोरली खांबापाशी उभी होती. मिस्त्रींनी पाडलेलं खालचं भोक तसंच होतं, त्यात धूळ बसली होती.

"मिस्त्री, उद्या पट्टा खाली लावू या."

मिस्त्रींनी साहेबांच्या खोलीकडे बघितलं. "कळलं तर?"

"कुणाला? बोल्टकडे बघतंय कोण?"

ते खरंच होतं. कुणी बघितलं नाही. सकाळी तिनं वहिनींना नेहमीपेक्षा जास्त वेळ घेऊन बसवलं. सांधे दोनदा तपासले. पट्टा आता खांद्याच्या मधोमध बसत होता, हाडावर, जिथे असायला हवा तिथे. काचेपलीकडे मुली दाटीवाटीनं बसल्या होत्या, एकमेकींना कोपरखळ्या मारत. एकीनं वहिनींकडे बोट दाखवून मैत्रिणीच्या कानात काहीतरी सांगितलं आणि दोघी खुदखुदल्या. थोरलीला त्या हसण्याचं इतकं बरं वाटलं की तिनं हिसका देण्याची खूण करायला थोडा उशीर केला.

मग धडाका झाला.

तिनं मापकांच्या पडद्याकडे धाव घेतली. मानेची रेघ वर चढली, वळली, आणि मर्यादेच्या पुष्कळ खाली राहून शांतपणे उतरली. मान वाचली होती. नुसती वाचली नव्हती, उद्या उठून कामावर जाईल अशी वाचली होती. गणित बरोबर होतं. तिच्या मागे येऊन मिस्त्रींनीही ती रेघ बघितली. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि पुन्हा घातली.

काचेपलीकडे मुली रडत होत्या.

थोरलीनं वळून बघितलं. वहिनींचं डोकं पुढे लोंबत होतं. धडकेनंतर ते नेहमीच तसं लोंबतं, कारण मानेत माणसासारखे स्नायू नसतात. हनुवटीचा लाल रंग छातीवर पसरला होता. हात मांडीवरून घसरून खाली आले होते. हळू केलेल्या चित्रफितीत फरक दिसला असता, रेघेत तर लख्ख दिसत होता. पण बाकावर बसलेल्या मुलीला एक आवाज, एक झटका आणि एक लोंबतं डोकं एवढंच दिसलं होतं. वाचलेली वहिनी आणि मेलेली वहिनी उघड्या डोळ्यांना अगदी सारखी दिसते. एवढ्या वर्षांत थोरलीला हे कधी सुचलंच नव्हतं, कारण तिनं कधी नुसत्या डोळ्यांनी बघितलंच नव्हतं.

ती काचेपलीकडे गेली. "मुलींनो, ऐका. वहिनी आज वाचल्या आहेत. पट्टा फक्त वीतभर खाली घेतला, आणि—"

मुलींनी तिच्याकडे बघितलं, मग वहिनींकडे. त्यांच्याबरोबर आलेल्या शिक्षिका कसनुशा हसल्या. "मॅडम तुम्हाला धीर द्यायला म्हणतायत. चला, रांग करा. बघितलंत ना सगळ्यांनी?"

"बघितलं," मुली म्हणाल्या.

कोपरखळ्या मारणाऱ्या दोघी जाताना एकमेकींचा हात घट्ट धरून गेल्या.

थोरली ती रेघ घेऊन साहेबांकडे गेली. त्यांनी ती बारकाईनं बघितली. ते चांगले अभियंते होते. त्यांना क्षणात कळलं. मग त्यांनी खिडकीचा पडदा ओढून घेतला. "ही चाचणी झालेली नाही मॅडम. प्रमाण शरीर नव्हतं." थोडं थांबून ते म्हणाले, "काम सुंदर झालंय." आणि मग, अगदी हलक्या आवाजात, "बोल्ट वर घ्या."

तिनं तो स्वतःच्या हातानं वर घेतला. मिस्त्री पान्हा धरून शेजारी उभे राहिले.

संध्याकाळी घरी आली तर धाकटी स्वयंपाकघरात स्टुलावर बसली होती, बाही वर करून. आई बर्फ फडक्यात गुंडाळत होती.

"काय झालं?"

"काही नाही. पायलटसाहेब."

थोरलीनं तिचा हात हातात घेतला, सांधा तपासताना घेते तसा. दंडावर निळा डाग होता, त्याच्या वर एक जुना, पिवळा पडत चाललेला. खांद्याच्या मागच्या बाजूला लालसर ओरखडा.

"हा डावीकडच्या वळणाचा," ती म्हणाली.

"पुलाखालच्या. हो."

"आणि हा ब्रेक लावल्यावरचा. समोरच्या कपाटाची कडी."

"तू होतीस का गं गाडीत?" धाकटी किंचित हसली. "दाबू नकोस, दुखतंय."

"आज पट्टा खाली घेऊन बघितला. मान वाचते."

धाकटीनं तिच्याकडे बघितलं. बर्फाचं पाणी तिच्या कोपरावरून ओघळत होतं. "वहिनींना कळवलंस?" ती म्हणाली.

बाक भिंतीपासून किती लांब आहे, कपाट कुठल्या उंचीवर आहे, मधे धरायला काय आहे, थोरली एकेक विचारत गेली, आणि धाकटी बर्फ धरून सांगत गेली. वेग थोरलीला ठाऊक होता. आज दंड लागला, परवा खांदा लागला. जरा जोराची धडक बसली तर काय लागेल आणि ते कपाटाच्या कुठल्या कडेवर लागेल, हे तिला डोळ्यांसमोर दिसलं, रंगासकट.

"काय गं?" धाकटीनं विचारलं. "काय बघतेस?"

हे कुणाला सांगितलं तर काय होईल, तेही तिला आता ठाऊक होतं. मागचा बाकही बायकांसाठी धोक्याचा ठरला असता.

"काही नाही," थोरली म्हणाली, आणि तिची बाही हलकेच खाली केली.